चादरीतले चाळीस अंक

एकसष्टावं वर्ष लागलं, डोक्यावरचे केस मोजता येतील एवढेच उरले, तरी घरात त्याला धाकटाच म्हणतात. त्याला इलाज नाही. थोरली बहीण आहे तोवर माणूस धाकटाच राहतो.

धाकटा चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. पुढे गिऱ्हाईक आरशात मान वाकडी करून फ्रेमी लावून बघतं आणि मागच्या दीड माणसाच्या खोलीत हा काचा घासून त्या फ्रेमीच्या मापाला आणतो. केसाएवढी चूक झाली तर काच तडकते, नाही झाली तर कुणाच्या लक्षातही येत नाही, असलं हे काम. ते करताना त्याचे हात इतके शांत असतात की बघणाऱ्याला वाटावं, किती निवांत माणूस आहे! दुकानातून बाहेर पडला की खरा प्रकार कळतो. पायाला भिंगरी लागल्यासारखा घरी येतो, चपला कुठेतरी भिरकावतो आणि पाणीही न पिता आतल्या खोलीत शिरतो.

त्या खोलीत कॉमिक्स आहेत. तीन हजार दोनशेच्या आसपास. प्रत्येक अंक वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, पाठीला ताठ पुठ्ठा, आणि पिशव्या उभ्या रचलेली खोकी छतापर्यंत. भिंतीवर हवेतला दमटपणा सांगणारा एक काटा आहे. धाकटा तो दिवसातून चार वेळा बघतो. काटा वर गेला की पंखा लावतो, खाली आला की बंद करतो, मग बंद केला ते बरोबर केलं का म्हणून परत बघायला येतो. कसर लागली असेल, खालचं खोकं वरच्याच्या ओझ्याने दबलं असेल, नळाचं पाणी भिंतीतून आत येत असेल. त्याचं एक संपलं की दुसरं तयार असतं. वाचायला म्हणून शेवटचा अंक त्याने कधी उघडला, हे त्यालाच आठवत नाही.

"नाकापेक्षा मोती जड झालाय तुमचा," बायको म्हणते. ती शाळेच्या कार्यालयात कारकून होती, आता निवृत्त आहे आणि तिला खोट्याची चीड आहे. "आजारी माणसाला बघावं तसं बघता त्यांच्याकडे. माझी नाडी कधी बघितलीत का?"

हे असं पहिल्यापासून नव्हतं. पहिल्यापासूनची गोष्ट चादरींची आहे.

त्यांचे वडील बंदरावरच्या धुलाई कारखान्यात होते. जहाजं लागली की खलाशांच्या चादरींची बोचकी तिथे यायची, आणि चादरी झटकताना कधी मोजा पडायचा, कधी पत्त्यांचा जोड, कधी कॉमिक्स. मोजे मुकादमाचे, पत्ते कामगारांचे. कॉमिक्स कुणालाच नको असायची, म्हणून ती वडील घरी आणायचे. साबणाचा वास येणारी, कडा दुमडलेली आणि कुठल्या तरी भाषेतली. ती भाषा त्यांच्यात कुणालाच येत नव्हती. अक्षरंसुद्धा ओळखीची नव्हती.

धाकटा तेव्हा सहा वर्षांचा, ताई बारा. तो चित्रं बघायचा आणि तिच्या डोक्याशी भुणभुण लावायचा. हा काय म्हणतोय? ही का रडतेय? कुत्रं कुठे गेलं? शेवटी ताई वैतागली. तिने पेन्सिल घेतली आणि प्रत्येक चित्राखाली जी पांढरी पट्टी असते तिच्यात आपल्या मनाने गोष्ट लिहून टाकली. "आता मला विचारू नकोस. वाच." धाकटा वाचायला शिकला तो असा. त्याच्या लेखी ती गोष्ट ताईने बनवलेली नव्हतीच, ती तशीच घडलेली होती. पाच-सहा वर्षांत असे चाळीस अंक जमले. घरात त्यांना चादरीतले म्हणायचे.

पुढे ताई बस डेपोत लागली. लाउडस्पीकरवरून गाड्या पुकारण्याचं काम. तिचा आवाज असा की डुलक्या घेणारा प्रवासी ताडकन उठून बरोबर आपल्याच गाडीत बसावा. लग्न तिने केलं नाही. का नाही केलं, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. धाकटा काचा घासायला लागला आणि सुट्टीच्या दिवशी रद्दीची दुकानं पालथी घालायला लागला. ते त्याचे सुखाचे दिवस. सायकलवरून तीन तीन तास जायचं, धुळीत बसून ढीग उपसायचा, आणि तळाशी हवा तो अंक निघाला की पोटात जे व्हायचं त्याला तोड नाही. आणलेला अंक तो रस्त्यातच, सायकलला टेकून वाचायचा. तेव्हा वाचायचा.

मग त्याला मंडळ सापडलं. जुनी कॉमिक्स जमवणारे वीस-पंचवीस जण, महिन्याच्या दुसऱ्या रविवारी एका वाचनालयात भरायचे. सगळे मोठे जाणकार आणि सगळे मोठे संशयी. तिथे धाकट्याला कळलं की अंकाला दर्जा असतो आणि तो दर्जा कोपऱ्याच्या चुणीवर, टाचणीच्या गंजावर, पानावरच्या डागावर ठरतो. कळलं ते कळलं, आणि त्याचा सुखाचा जीव दुःखात पडला. त्याने चादरीतला एक अंक दाखवायला नेला होता. अध्यक्षांनी भिंग लावलं, पानं उलटली आणि जीभ टाळ्याला लावून आवाज काढला. "अंक दुर्मीळ आहे हो. पण पेन्सिलीने कुणीतरी वाट लावलीय."

आता इथे त्या माणसाला तिथल्या तिथे सांगायला हवं होतं, की कुणीतरी नाही, माझ्या बहिणीने. धाकटा म्हणाला, "हो ना."

त्यानंतर पूर्ण एक हिवाळा त्याने पेन्सिल पुसली. मऊ रबर मळून, एकाच दिशेने, कागदाचा तंतू न उठवता; काचेच्या कामात मुरलेला हात तो, कुठे घसरला म्हणून नाही. पुसून झालं की पान टीपकागदात घालून कोमट पत्र्यांमध्ये दाबून ठेवायचं, म्हणजे चुण्या जातात आणि लिहिताना उठलेले वळही जातात. एकोणचाळीस अंक असे लख्ख झाले. चाळिसाव्याचं मुखपृष्ठच फाटलेलं होतं, म्हणून तो नुसता पुसला, दाबायची मेहनत घेतली नाही. मंडळाच्या प्रदर्शनात पहिल्या अंकाला पहिला नंबर मिळाला. त्याच्या मनात त्या कामाचं नाव एकच होतं, साफसफाई. आपण काय पुसतोय, हे वाचायला तो एकदाही थांबला नव्हता.

ताईला त्याने सांगितलं नाही. लपवलं असंही नाही, सांगण्यासारखं काही त्याला वाटलंच नाही. एकदा ती घरी आली असताना म्हणाली होती, "अरे, ते चादरीतले काढ की. बघू तरी काय अकलेचे तारे तोडलेत मी." धाकटा म्हणाला, "आधी हात साबणाने धुऊन ये, आणि नीट पुस." ताई हसली. "राहू दे बाबा. तुझ्या पाहुण्यांना मी कशाला हात लावू?" परत तिने विषय काढला नाही. त्याला वीस वर्षं झाली.

गेल्या वर्षी ताईच्या डोक्यात रक्ताची गाठ झाली. उजवा हात गेला आणि वाचा गेली. पाय हळूहळू आले, वाचा येईना. कळत सगळं होतं. डोळे तेच, रागही तोच, फक्त तोंड उघडलं की एखादा भलताच आवाज बाहेर यायचा आणि ती स्वतःवरच चिडून मान फिरवायची. इस्पितळातून तिला धाकट्याच्या घरी आणलं. मोकळी खोली एकच होती, कॉमिक्सची. निम्मी खोकी बाहेरच्या खोलीत आली, आणि उरलेल्या निम्म्यांमध्ये ताईची खाट बसली. धाकट्याने ते केलं, कुरकुर न करता केलं, पण काटा बघायला तो आता दिवसातून सहा वेळा जायला लागला. बायकोने हिशेब सांगितला, त्यातल्या दोन वेळा ताईसाठी होत्या.

बोलणं शिकवायला आठवड्यातून एकदा थेरपिस्ट मॅडम यायच्या. तरुण, तरतरीत, खोटा धीर न देणाऱ्या. दोन महिने झाले तरी ताईच्या तोंडून नीट शब्द आला नाही. एक दिवस जाताना त्या दारात थांबल्या. "काका, मावशींच्या हातचं काही जुनं लिहिलेलं आहे का? पत्रं, वही, काहीही? ओळखीचं, तोंडात बसलेलं काही असलं तर सोबत वाचता येईल. कधीकधी त्याने वाट मोकळी होते. आणखी उशीर नको करू या. पहिलं वर्ष महत्त्वाचं असतं, आणि सहा महिने तर गेलेच."

"आहे ना," धाकटा छाती फुगवून म्हणाला. "चाळीस अंक आहेत तिने लिहिलेले. माझ्याकडे एक कागद हरवत नाही, मॅडम. सगळं जसंच्या तसं आहे."

मॅडम खूश होऊन जिना उतरल्या. त्या खालच्या वळणावर पोचल्या असतील नसतील, तेव्हा धाकट्याला ते रबर आठवलं. तो दाराला धरून उभाच राहिला.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"ते नाहीयेत."

"चोरीला गेले?"

"अंक आहेत. लिहिलेलं नाहीये. मी पुसलं."

बायकोने हातातलं फडकं खाली ठेवलं. "कधी?"

"मंडळात गेलो तेव्हा."

"सगळं?"

त्याने मान डोलावली. बायको बोलायला लागली की थांबत नाही, पण त्या दिवशी ती एकच वाक्य बोलली. "एवढ्या पिशव्या घातल्यात, आणि त्यात ठेवलंत काय?"

पुढचे दिवस धाकट्याने कसे काढले ते त्याचं त्याला माहीत. दुकानात आयुष्यात पहिल्यांदा एका दिवसात दोन काचा तडकल्या. पुढच्या आठवड्यात मॅडम आल्या तेव्हा तो म्हणाला, खोकी वर गेलीत, काढतो. त्याच्या पुढच्या आठवड्यात म्हणाला, कंबर धरलीय. थापा मारताना तो ताईकडे बघत नव्हता. ताई मात्र प्रत्येक वेळी खोक्यांच्या रांगेकडे बघायची आणि मग त्याच्याकडे. तिला आशा लागली होती, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

मग त्याने एक अक्कल लढवली. आठवेल तेवढी गोष्ट आपणच परत लिहायची, तिच्यासारख्या वळणाने. तिने कधीतरी पाठवलेली पोस्टकार्डं समोर ठेवून दोन दिवस त्याने अक्षर गिरवलं. सातव्या अंकाची गोष्ट त्याला पाठ आहे असं त्याला वाटत होतं. लिहायला बसला तर चार चित्रांनंतर सगळा अंधार. कुत्रं हरवतं एवढं आठवलं, कुणाचं आणि का, ते नाही. मग त्याने मधलं स्वतःच्या डोक्याने भरलं आणि अंक ताईच्या मांडीवर ठेवला.

ताईने डाव्या हाताने पान धरलं. पहिल्या ओळीवरून बोट फिरवलं, दुसऱ्या ओळीवर थांबलं. तिने वर बघितलं. बारा वर्षांच्या मुलीने सहा वर्षांच्या मुलाकडे बघावं तसं, की साखर तूच खाल्लीस हे मला माहीत आहे, आता बोल. धाकट्याने अंक उचलला आणि पंखा बंद करण्याच्या निमित्ताने खोलीबाहेर पडला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

चाळिसावा अंक त्याला दुसऱ्या दिवशी दुपारी आठवला, काच घासता घासता. तो दाबलेला नव्हता! अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो घरी धावला, अंक काढला, परत दुकानात आला. बाकीचे जेवायला गेले होते. त्याने मागच्या खोलीचा पडदा ओढला, कामाचा दिवा टेबलाला जवळजवळ टेकवला आणि उजेड पानावर अगदी आडवा पाडला. काचेवरचा ओरखडा असाच शोधतात. वरून बघितलं तर पान कोरं, पण आडव्या उजेडात बारीक वळ उठले. डोळ्याला भिंग लावून तो एकेक अक्षर चाचपत गेला. बहुतेक जागी रबराने कागद गुळगुळीत झाला होता, तीन-चार जागी एखादा काना, एखादी वेलांटी. पाचव्या पानावर बुडणाऱ्या जहाजाचं मोठं चित्र होतं. तिथे तिने पेन्सिल जोरात दाबली होती. एक वाक्य आख्खं सापडलं.

धाकट्या, रडू नको. या सगळ्यांना पोहता येतं.

इतकी वर्षं त्याची समजूत होती की तिने चित्रातल्या माणसांची बोलणी लिहिली. ती त्याच्याशी बोलत होती. चाळीस अंकांत आणखी कितीदा तिने त्याला हाक मारली होती, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं, कारण ज्याला सांगता आलं असतं त्याने रबर मळून, एका दिशेने, काळजीपूर्वक ते पुसलं होतं. धाकटा रडला. साठी उलटलेला माणूस दुकानाच्या मागच्या खोलीत पडदा ओढून रडला, आणि जेवून आलेल्या सोबत्याला म्हणाला की डोळ्यात काच गेली.

संध्याकाळी त्याने ताईला ते वाक्य वाचून दाखवलं. ताईचा चेहरा असा उजळला की त्याला बघवेना. तिने डावा हात हलवला: पुढे.

"पुढे नाहीये, ताई."

तिने परत हात हलवला.

"पुढेही नाही, मागेही नाही. सगळ्या अंकांतलं मी पुसलं. तेव्हा मंडळवाले म्हणाले, पेन्सिल असली की दर्जा जातो. मला पहिला नंबर मिळाला होता त्याचा." हे सांगायची काही गरज नव्हती, पण सुरू झाल्यावर सगळंच बाहेर आलं. "तुला बघायचे होते तेव्हा मी हात धुवायला सांगितलं. तेव्हाही पुसलेलेच होते."

ताईने भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी बायकोच्या हातून जेवली, पण ओठांचे आणि जिभेचे व्यायाम करायला तिने साफ नकार दिला. मॅडम आल्या, खूप समजावलं, हात टेकून गेल्या. जाताना त्यांनी धाकट्याला सांगितलं की मनानेच सोडलं तर आपण काही करू शकत नाही. बायको म्हणाली, "जाऊन बसा तिच्यापाशी. काही बोलू नका, नुसते बसा." नुसतं बसणं हे त्याला कधी जमलं नव्हतं. पाच मिनिटांत उठायचा, काटा बघायचा, परत बसायचा. ताईला ते ऐकू येत असणार. तिची पाठ हलली नाही.

तिसऱ्या दिवशी तो दुकानातून आला तो तडक खोक्यापाशी गेला. हात धुतले नव्हते, बोटांना काच पुसायच्या पावडरीचा पांढरा थर होता. त्याने पहिला अंक काढला, तो नंबरवाला. पिशवी फाडली, पुठ्ठा फेकला आणि अंक खाटेवर ताईच्या पाठीशी उघडून ठेवला. कण्याच्या जागी कागद कडकन वाजला. त्या आवाजाला ताईने मान वळवली. इतकी वर्षं ज्याला श्वासही लागू दिला नाही त्या पानावर धाकट्याच्या बोटांचे पांढरे ठसे उमटले होते. तिने ठसे बघितले, मग त्याला बघितलं, आणि कष्टाने कुशीवर वळली.

पहिल्याच चित्रात जहाजाच्या कठड्याशी एक कुत्रं उभं होतं. ताईने त्याच्यावर बोट ठेवलं. ओठ हलले, गाल हलले.

"किल्ली," ती म्हणाली.

स्पष्ट म्हणाली. चुकीचा शब्द, पण पुरता शब्द. तिला स्वतःलाच ते पटलं नाही, तिने कपाळाला आठ्या घातल्या. धाकटा दुरुस्त करायला जाणार होता. चूक दिसली की हात शिवशिवणारा माणूस तो. त्याने दात आवळले.

"किल्लीला," ताई म्हणाली. मग बराच वेळ काही नाही. मग, "भूक."

खिशात गिऱ्हाइकांचे नंबर लिहायचं बॉलपेन होतं. धाकट्याने ते काढलं आणि चित्राखालच्या पांढऱ्या पट्टीत लिहिलं, किल्लीला भूक लागली. निळी शाई जुन्या कागदात जराशी फुटली. ताईने मान पुढे काढून वाचलं आणि शेवटच्या शब्दावर नखाने टकटक केली. हा शब्द तिचा नव्हता. तिने दोनच म्हटले होते, तिसरा याने आपल्या पदरचा घातला होता.

"नको," ती म्हणाली.

त्याने 'लागली' खोडलं. एका रेघेने तिचं समाधान होईना, म्हणून गिरगटून खोडलं, इतकं की पानाच्या मागे वळ उठले. मग ताईने बोट पुढच्या चित्रावर नेलं, आणि धाकटा उघडं पेन हातात धरून तिच्या तोंडाकडे बघत बसला.